पंधरा सेकंद

पंधरा सेकंद मोजायचे, मग चारने गुणायचं.
पहिल्या रात्री एकतीस आले.
चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजलं,
तेहतीस.
तुंबा मान वर करून बसलेला,
पाण्याबाहेर नाक धरावं तसा,
आणि पुढचे दोन्ही पंजे आतल्या बाजूनं चिकट,
नाक पुसून पुसून.

नाव अब्बांनीच ठेवलं होतं.
एक भोपळा तडकला, तंबोऱ्याला चालेना,
तर त्याचं अर्धं याला झोपायला दिलं.
तो तिथंच राहिला,
कडा कुरतडत.

मिरजेच्या सरकारी दवाखान्यात
आमच्या आधी एक म्हैस होती, अडलेली.
डॉक्टर कोपरापर्यंत हात धुऊन आले,
तुंब्याला तळहातावर तोलून म्हणाले,
"ताई, खोटं कशाला बोलू, सशाचं मला कळत नाही.
तोंडावाटे पेनिसिलिन मात्र कुणी सांगितलं तरी देऊ नका, मरतो.
विश्रामबागला बिरनाळे मॅडम आहेत, त्या बघतात."
पैसे घेतले नाहीत.
आम्ही निघालो तेव्हा रेडकू
उभं राहायच्या खटपटीत होतं.

अब्बांनी स्कूटर वीसच्या वर नेली नाही.
मांडीवर टोपली, टोपलीवर ओला पंचा, एप्रिलचं ऊन.
खड्डा आला की मी श्वास धरायचे.
त्याला ते परवडणारं नव्हतं.

फॉर्मवर प्राण्याचं नाव, वय, पालकाचं नाव.
अब्बांनी स्वतःचं लिहिलं, सावकाश, पूर्ण.

एक्सरेत तुंबा म्हणजे मूठभर धुकं,
काड्यापेटीत मावतील अशी फुप्फुसं,
आणि मॅडमचं पेन दाताच्या मुळावर थांबलेलं.
ससा नाकानंच श्वास घेतो, त्या म्हणाल्या,
तोंड उघडायला लागला तर तसेच उठून या.
आता मूळ नाकात चढलंय, की जंतू आहेत,
की छातीतच काही,
आज नक्की सांगत नाही.
नाकातलं पाणी पुण्याला पाठवू. गुरुवारी कळेल.

मला 'नक्की' हवं होतं.
त्या एका शब्दासाठी चोवीसशे रुपये
रुमालात बांधून आणले होते.

"घरात काय काम चालतं? धूर? धूळ?"
अब्बा सांगू लागले, आणि सांगता सांगता
आवाज खाली खाली येत गेला.
तूनच्या लाकडाचा भुसा. घोडी घासताना हाडाची पूड.
लाखेचं पॉलिश, स्पिरिट.
दारं बंद, वाऱ्यानं पॉलिशवर कचरा बसतो म्हणून.
"किती वर्षं?"
"ससा दोन वर्षं."
"नाही, काम."
"बेचाळीस," म्हणाले, आणि खोकले.
तो खोकला मी जन्मापासून ऐकतेय,
घराच्या आवाजांतला एक, गळक्या नळासारखा.
मॅडमचा स्टेथोस्कोप सशावरून उचललेला, तो हातातच राहिला.
"तुम्ही कधी दाखवलंत?"
"मी काय ससा आहे?"
अब्बा एकटेच हसले.

पॉलिशचे डबे गच्चीवर गेले.
भोपळ्याऐवजी पुठ्ठ्याचं खोकं आणलं, तो त्यात जाईना.
वाफेचं मशीन शेजारच्या निलोफरच्या पोराचं,
त्याची शाळा सुटेपर्यंत आमचं.
टोपलीवर चादर टाकून दहा मिनिटं;
आत तुंबा रागानं पाय आपटतो.
आपटला की मला बरं वाटतं.
कोथिंबीर खातो, देठाकडून.

रात्री अब्बा त्याच्या पाठीशी कान नेतात,
जवारी तपासतात तसे, डोळे मिटून.
"वर कुठंतरी घासतंय," म्हणतात, "आत मोकळं आहे."
हे निदान नाही, मला माहीत आहे.
तरी वहीत लिहिलं, तारखेपुढे.

आज मंगळवार. तेवीस.
दिवा घालवला तर भिंतीपलीकडून
दुसरा श्वास, लांबलचक, मध्येच शिट्टी वाजणारा.
मोबाइल हातातच होता, घड्याळ लावलेलं.
बराच वेळ अंगठा नुसता वर ठेवला,
मग दाबलं.
तीनपर्यंत गेले, आणि खोकला आला.
पुन्हा पहिल्यापासून.